वादीच्या विनंतीवरून

अस्मिताला काय मिळायचं होतं ते बोटांवर मोजता येण्यासारखं होतं. कोर्टासमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक चेंबर, दहा बाय आठ. खिडकी एकच, पण उजेडाची. निवाड्यांच्या खंडांनी वाकलेली तीन कपाटं. चालू दावे साठेक. आणि दारावरच्या पितळी पाटीवर दिगंबर सरांच्या नावाखाली दोन बोटं मोकळी जागा. ती जागा तिला दाखवली सरांच्या पत्नीने, मंदाकिनीबाईंनी. "हे सगळं तुझंच आहे गं," त्या म्हणाल्या होत्या, "फक्त त्यांना घरी बसवू नकोस. कोर्ट सुटलं की हा माणूस दोन महिने काढायचा नाही."

सात वर्षं दुसऱ्याची बॅग उचलल्यावर एवढं मिळणं म्हणजे स्वस्तात सौदा. बदल्यात करायचं काय, तर सरांच्या डाव्या हाताला उभं राहायचं आणि ते विसरले की हळूच आठवण करून द्यायची.

सर विसरत होते हे सगळ्या कोर्टाला ठाऊक होतं. ठाऊक असून कोणी बोलत नव्हतं, आणि या न बोलण्याचा प्रत्येकाला थोडा अभिमानही होता. एकदा तर सर उभे राहिले आणि समोरच्या पक्षाचीच बाजू दहा मिनिटं मांडत राहिले, तीही अशी मुद्देसूद की वकिलांच्या बाररूममधली पोरं ऐकायला आत आली. शेवटी समोरचे वकील रावसाहेब, जे तरुणपणी सरांच्याच हाताखाली शिकले होते, उठून म्हणाले, "सर, माझं काम आपण केलंत, आभारी आहे. आता अशिलाचंही थोडं करा." सगळे हसले, न्यायाधीशही हसले. पुढची तारीख पडली.

ज्यांच्या कामात हा विनोद घडला त्या वेणूबाई मागच्या बाकावर होत्या. त्या हसल्या नाहीत, पण हसणाऱ्यांकडे बघून त्यांनी पदर सारखा केला.

वेणूबाई धायरीच्या. वडिलांच्या जमिनीत त्यांचा वाटा होता. वडील गेल्यावर तेराव्याला भावाने एक कागद पुढे केला. "सातबाऱ्यावर नाव लावायचंय, अंगठा दे." अंगठा दिला. सहा वर्षांनी कळलं की ते हक्कसोडपत्र होतं. आता तिथे भाच्याच्या, दिग्विजयच्या, इमारतीचे खांब उभे राहत होते. दाव्याचा सगळा भार एका साक्षीदारावर होता. तो बाबुराव. त्या कागदावर त्याची सही होती आणि बाईला तो कोणी वाचून दाखवला नव्हता हे सांगायला तो तयार होता. वय चौऱ्याऐंशी, पण जीभ खणखणीत.

बाबुरावाच्या साक्षीची तारीख नऊ वेळा पुढे गेली. कधी सरांना फाईल सापडली नाही, कधी सर दुसऱ्याच कोर्टात जाऊन बसले. दर वेळी न्यायाधीश म्हणायचे, "सर, आपण निवांत या," रावसाहेब म्हणायचे, "माझी हरकत नाही," आणि बाबुराव फडक्यातली भाकरी बाहेर बाकावर खाऊन परत बस धरायचा.

दहाव्या वेळी अस्मिताला त्याच वेळेला वरच्या मजल्यावर दुसऱ्या कामात हजर राहायचं होतं. तिने सरांना बाकावर बसवलं. "सर, मी येईपर्यंत उठू नका. बाबुराव बाहेर बसलेत."

"कोण बाबुराव?"

"साक्षीदार, सर."

"हो हो. जा तू. मी काय पहिल्यांदा कोर्टात आलोय?"

ती पंचवीस मिनिटांनी खाली आली. तेवढ्यात पुकारा झाला होता. न्यायाधीशांनी विचारलं होतं, "सर, आणखी साक्षीदार?" सर उठले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "नाही. वादीचा पुरावा संपला." तसं लिहून देण्याच्या अर्ध्या कागदाला वकील पुरसिस म्हणतात. सरांनी तो तिथेच, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहून दिला. तो दिला की साक्षीदाराला दार बंद.

रावसाहेबांनी आत येताना बाबुरावाला बाकावर पाहिलं होतं. "राम राम" सुद्धा झाला होता. ते बोलले नाहीत. "भर कोर्टात सरांना कसं टोकायचं?" ते नंतर अस्मिताला म्हणाले. आदर खराच होता. त्यातून त्यांच्या अशिलाचा दावा जिंकला जात होता, ही गोष्ट त्या आदराच्या आड आली नाही एवढंच.

पुरावा पुन्हा उघडून द्या, असा अर्ज करता येतो. कारण द्यावं लागतं. अस्मिताने खरं कारण लिहिलं: वादीच्या वकिलांना विस्मरणाचा आजार आहे, साक्षीदार हजर असताना त्यांनी चुकीने पुरसिस दिली, वादीचा यात दोष नाही. अर्ज सरांच्याच सहीने जायचा होता. संध्याकाळी ती कोथरूडला त्यांच्या घरी गेली.

सरांनी चष्मा लावला आणि अर्ज दोनदा वाचला. त्या क्षणी ते तिला सात वर्षांपूर्वीचे सर वाटले.

"छान केलाय. मुद्द्याला धरून," ते म्हणाले. "कोण गं हा वकील?"

अस्मिताने सहीसाठी काढलेलं पेन परत पर्समध्ये ठेवलं.

"असू दे कोणी. पण याला सांभाळून घेणारे कोण आहेत ते बघ आधी. डोकं चालत नाही आणि कोर्टात उभा राहतो? त्या बाईने काय पाप केलंय? मी असतो तर पहिल्या दिवशी घरी बसवला असता."

मंदाकिनीबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो खाली ठेवला आणि अस्मिताला स्वयंपाकघरात बोलावलं. तिचा हात हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. त्या हाताला मागायचं होतं ते सगळं मागून झालं होतं.

अस्मिताने दुसरा अर्ज केला. त्यात लिहिलं की साक्षीदार वार्धक्यामुळे त्या दिवशी हजर राहू शकला नाही आणि वादीने ते वकिलांना वेळेत कळवलं नाही. सर्वांना सोयीचं कारण. कोर्टात असली कारणं रोज चालतात, तिने स्वतःला सांगितलं. न्यायाधीश समजून घेतील. त्यांना सगळं माहीतच आहे.

वेणूबाईंना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी मान वर केली. "ताई, बाबुराव तर व्हता की भायेर. माझ्याच शेजारी."

"कागदात असंच लिहावं लागतं, मावशी."

"बरं. तुमी म्हनता तर आसंल." आणि अंगठा दिला. त्यांच्या आयुष्यातला न कळता दिलेला दुसरा अंगठा. या वेळी कागद वाचून दाखवला होता, एवढाच फरक.

न्यायाधीशांना सगळं माहीत होतं. पण आदेश माहितीवर होत नाही, कागदावर होतो. त्यांनी रोजनामा मागवला. दर तारखेला काय घडलं याची कोर्टाची नोंद म्हणजे रोजनामा. त्यात सरांचं विसरणं कुठेच नव्हतं. ते लिहायला कोणाची लेखणी धजावली नव्हती. नऊ तारखांपुढे नऊ वेळा एकच ओळ होती: वादीच्या विनंतीवरून तहकूब. आदेशात आलं की वादीने सतत हयगय केली, कोर्टाने पुरेशी सहनशीलता दाखवली आहे, आणखी दाखवणं प्रतिवादीवर अन्याय होईल. अर्ज नामंजूर. वर दाद मागायचे कागद तयार होईतो बाबुराव गेला. मग वर जाऊन ऐकवायचं कोणाचं? दावाही गेला.

दिवाळीनंतर सरांचा सत्कार झाला. रावसाहेबांनी शाल घातली आणि भाषणात डोळे पुसले. सर टाळ्या वाजवत होते. सत्कार कोणाचा हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पाटीवरच्या दोन बोटं जागेत नाव कोरून आलं.

त्याच आठवड्यात वेणूबाई कागद परत न्यायला आल्या. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "सायबांची तब्येत कशी हाय?"

"ठीक आहे," अस्मिता म्हणाली. मग राहवलं नाही. "मावशी, त्यांना आठवत नव्हतं. आजार होता."

"ठावं हाय की. तिसऱ्या तारखेलाच त्यांनी मला तीनदा नाव इचारलं."

"मग बोलला का नाहीत?"

"समदे गप व्हते. जज, वकील, तुमी. मला बरं वाटलं बगा, येवड्या मोठ्या मान्साला समदे कसं सांभाळत्यात." त्यांनी कागदांची पिशवी काखेत धरली. "म्हनलं, त्यांना सांभाळत्यात तर मलाबी सांभाळतीलच."

त्या गेल्यावर अस्मिताने रोजनाम्याची नक्कल काढली आणि उगाच पुन्हा मोजली. न्यायाधीशांनी सरांना नऊ तारखा दिल्या होत्या. रावसाहेबांनी नऊ वेळा हरकत घेतली नव्हती. तिने नऊ वेळा सरांची बाजू राखली होती. दिलं सगळ्यांनी, अगदी मनापासून दिलं. नाव मात्र नऊही ठिकाणी वेणूबाईंचंच पडलं होतं.