छातीशी धरलेले हात

मेहुण्याचा उजवा हात आत्ता होता आणि आत्ता नाही. घारभाऊने केबिनच्या काचेला नाक टेकवलं, मान जराशी वळवली, तेव्हा कुठे पांढरा हातमोजा पुन्हा सापडला. हात सावकाश गोल फिरत होता, म्हणजे उचलायचं. त्याने लिव्हर ओढला.

ओतशाळेच्या छताखाली रुळांवर सरकणारी क्रेन आणि तिच्या पोटाला टांगलेली पत्र्याची केबिन, यातच घारभाऊचं तारुण्य गेलं होतं आणि आता मधलं वयही चाललं होतं. भट्टीतला लोखंडाचा रस लॅडलमध्ये, म्हणजे माणूस सहज बुडेल एवढ्या बादलीत, ओततात. ती उचलून वाळूच्या साच्यांपर्यंत न्यायची हे त्याचं काम. त्या गोंगाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून खाली उभा असलेला माणूस हातांनी खुणा करतो. क्रेनवाल्याने त्या एकाच माणसाचं मानायचं. अपवाद एकच. दोन्ही हात आडवे पसरलेले दिसले की ते साहेबाचे असोत नाहीतर झाडूवाल्याचे, जागच्या जागी थांबायचं.

वरून त्याला जमिनीवर पडलेला खिळासुद्धा दिसायचा, म्हणून तो घारभाऊ. आता खिळा सोडाच, पण एकदा चिकटलेलं नाव काही परत करता येत नाही.

सुरुवात ठिणग्यांनी झाली होती. डोळे मिटले तरी कडेकडेने ठिणग्या उडायच्या. पण ओतशाळेत हे सांगायचं कुणाला? तिथे संध्याकाळी प्रत्येकाच्याच डोळ्यांत ठिणग्या असतात. "भट्टी भरलीय डोळ्यांत. गार पाण्याचे हबके मार," साचेवाला म्हणाला. घारभाऊने इमानेइतबारे हबके मारले. शिंपी असता, मास्तर असता, तर कधीच डॉक्टरकडे गेला असता. पुढे अंधारात पायऱ्या नाहीशा व्हायला लागल्या, दारांच्या चौकटी खांद्यांवर आदळू लागल्या, तेव्हा बायकोने त्याला अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या पडद्याचा फोटो काढला. "फोटोत तसं काहीच दिसत नाही," त्या म्हणाल्या. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. "तीच तर काळजीची गोष्ट आहे," बाई म्हणाल्या. मग डोळ्यांसमोर दिवे चमकवून पडदा कितपत जागा आहे ते यंत्राने मोजलं. तो बराचसा झोपलेलाच निघाला. रक्त दूरच्या प्रयोगशाळेत गेलं आणि उत्तर आलं: अँटिबॉडी.

"शरीर रोगाशी लढायला अँटिबॉडी बनवतं," बाईंनी समजावलं. "तुमच्या अँटिबॉडी तुमच्याच पडद्याला शत्रू समजून मारतायत. कधीकधी आत कुठे गाठ असते, तिच्याशी लढताना असा घोटाळा होतो. म्हणून आपण सगळं अंग तपासलं. गाठ नाही. मग हे कशामुळे, ते मलाही सांगता येत नाही."

"म्हणजे राखणदारच घरच्यांना बडवतोय," बायको म्हणाली. "त्याला समजवायचं कसं?"

"समजावून ऐकत नाही तो. औषधांनी थोडा गुंगवायचा. गेलेली नजर परत येईल असं मी म्हणणार नाही. उरलेली टिकवायला बघू." बाईंनी मान वर केली. "गाडी चालवता का?"

"नाही," घारभाऊ म्हणाला. आणि ते खरंच होतं. क्रेनला गाडी कोण म्हणतं? बायको हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली.

गोळ्यांनी त्याचं तोंड फुगलं. "सासुरवाडीला जाऊन आलास वाटतं, गाल चांगलेच वर आलेत!" लोक चिडवायचे. मेहुणा तेवढा हसायचा नाही. तोच खाली खुणा करायला उभा असायचा, आणि हात लांब केले की दाजींना ते दिसत नाहीत हे त्याच्या एव्हाना ध्यानात आलं होतं. एके दिवशी एक अक्षर न बोलता त्याने दोन्ही हात जवळ घेतले आणि सगळ्या खुणा छातीशी करायला लागला. "थंडी वाजते का रे तुला?" फोरमनने एकदा विचारलंही. त्या दोघांत मात्र या विषयावर कधी बोलणं झालं नाही. बोलले असते तर थांबावं लागलं असतं.

रोज शिडी चढताना घारभाऊला वाटायचं, आज सांगून टाकू. उतरताना वाटायचं, आजचा दिवस तर निभावला. केबिन जेमतेम खुर्चीएवढी, आणि आता नजर त्याहूनही अरुंद. त्याचा जीव घुसमटायचा. पण खाली उतरून तो करणार काय? वर तो घारभाऊ होता. खाली तो फक्त कुणाचा तरी आंधळा दाजी उरणार होता, आणि या विचाराने त्याला रडू यायचं.

लॅडल साच्यांच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या वाटेवरून निघाली. रस डोळे दिपवत होता. घारभाऊने त्याच्याकडे बघायचं टाळून मेहुण्याच्या छातीवर नजर रोवली. पुढे, हात सांगत होते. आणखी पुढे. आणि एकाएकी हात नाहीसे झाले. मेहुण्याचं तोंड वासलेलं होतं, मानेच्या शिरा ताणलेल्या होत्या, खांदे जागेवर होते. हात मात्र नव्हते.

छातीशी नाहीत, मग कुठे असतील?

घारभाऊने ब्रेक दाबला. लॅडल झोका घेऊन हेलकावली. रसाचा एक गोळा उसळून वाळूवर पडला आणि फुटला. मान इकडेतिकडे वळवल्यावर त्याला साचेवाला सापडला. हातातून निसटलेली थापी उचलायला तो वाटेत शिरला होता. आता लॅडलच्या अगदी पुढ्यात पालथा पडून धडपडत उठत होता. मेहुण्याने हात आडवे पसरले असणार, इतरांनीही पसरले असणार. घारभाऊला एकही दिसला नव्हता.

खाली लोक टाळ्या पिटत होते. फोरमनने दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली आणि मग वर केबिनकडे रोखली: काय नजर आहे! मेहुण्याने हात पुन्हा छातीशी घेतले. पुढे.

घारभाऊ बसून राहिला. आज टाळ्या घेतल्या की मग कधीच सांगता येणार नाही, हे त्याला लख्ख कळलं. त्याने घंटा दाबून धरली. वाट रिकामी झाली तशी लॅडल हेलकावायची थांबू दिली, सरळ खाली वाळूवर टेकवली, बटण बंद केलं आणि शिडीच्या पायऱ्या पायाने चाचपत उतरला.

"अरे, रस गार होतोय!" फोरमन धावत आला. "उतरलास कशाला?"

"दुसऱ्याला चढवा, साहेब. मला ह्याचे हात दिसले नाहीत."

"काहीतरीच काय! मग थांबलास कसा?"

"दिसले नाहीत म्हणूनच थांबलो."

"दाजी, गप्प बसा हो," मेहुणा मध्ये पडला. "धक्का बसलाय त्यांना, साहेब. कायतरी बोलतायत."

घारभाऊने नजर फोरमनच्या तोंडावर ठेवली आणि स्वतःचे दोन्ही हात आडवे पसरले. आजूबाजूची माणसं सवयीने जागच्या जागी थांबली. "हे बघा," तो म्हणाला, "आता माझेसुद्धा मला दिसत नाहीत."

फोरमनने त्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं. मग त्याने बदलीच्या क्रेनवाल्याला वर पाठवलं. "तू तिकडे भिंतीपाशी उभा राहा," तो हळूच म्हणाला. "हलू नकोस."

मेहुण्याने त्याला कोपराला धरून भिंतीशी नेलं. त्याचा आवाज रागाने फुटत होता. "आता ताईला काय सांगायचं?"

"तिला माहितीय," घारभाऊ म्हणाला. "जा तू. रस गार होतोय."

मेहुणा आपल्या जागी जाऊन उभा राहिला. हात आपसूक छातीशी गेले. वरून बदलीवाल्याने घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. त्याला ती बारकी खूण कळत नव्हती. मेहुण्याने एकदा भिंतीकडे पाहिलं आणि मग हात बाहेर काढले, अगदी पूर्ण. त्याला खुणा घारभाऊनेच शिकवल्या होत्या. मोठ्या कर, वरून दिसल्या पाहिजेत, असं ओरडून ओरडून.

लॅडल उचलली गेली. घारभाऊ भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याने मान डावीकडे वळवली, तेव्हा एक पांढरा हातमोजा दिसला. उजवीकडे वळवली, तेव्हा दुसरा.