हिरवं पोट, पांढरी पाठ

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची टाकी आहे. सिमेंटची, गोल, चांगली दोन पुरुष उंच. बोईसरच्या पूर्वेला रूळ ओलांडून बरंच आत गेलं की एक डोंगर लागतो. त्याच्या अगदी टोकावर मी उभी आहे. माझं पोट हिरवं आहे आणि पाठ पांढरी. बघणारे हसतात आणि म्हणतात, रंग पुरला नसेल. रंग पुरला होता. पण ती गोष्ट मागून.

एखाद्याला कशाचंच काही वाटत नसलं, की लोक म्हणतात, त्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. माझ्या पोटातलं पाणी कधी स्थिर राहिलंच नाही. सकाळी पंप धडधडत ते वर चढवायचा, संध्याकाळपर्यंत ते खाली उतरून जायचं. भरून स्वस्थ बसले, असं कधी झालं नाही.

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मला बांधलं. आत्मारामशेठांनी डोंगराच्या पूर्व उतारावर एक दिवसाच्या सहलीचं ठिकाण काढलं होतं. तारापूरच्या कारखान्यांतली माणसं सुट्टीच्या दिवशी बायकापोरं घेऊन यायची. सकाळी पोहे, दुपारी जेवण, चार वाजता भजी, आणि दिवस बुडायच्या आत घरी. झोपाळे होते, घसरगुंडी होती, मुलांना फिरवायला पाठीत बाक आलेला एक घोडाही होता. एवढ्या सगळ्यांना पाणी हवं, आणि पाणी उंचावरूनच खाली येतं. म्हणून माझी जागा टोकावर ठरली.

टोकावर आधी एक ताड होता. उंच आणि एकटा. पायथ्याच्या पाड्यावरच्या जिवल्याने दहा वर्षं त्याची ताडी काढली होती, आणि तोडायचं कामही त्याच्याच वाट्याला आलं. "माफ कर रे बाबा," असं पुटपुटत त्याने कुऱ्हाड घातली. बुंध्याला लागूनच माझा पाया खणला. बायकांनी डोक्यावरून घमेली वाहून मला उभं केलं. जिवल्या माझा पंपवाला झाला.

मग शेठांनी मला हिरव्या रंगाचे दोन हात दिले. "पाहुण्यांना झाडं दिसायला पाहिजेत, टाकी नाही," ते म्हणाले. जन्मल्या जन्मल्या मला लपायला सांगितलं, मित्रांनो! खाली मुलं नळाला ओंजळ लावून "काय गार पाणी आहे!" म्हणायची. तेवढंच माझं कौतुक. पण मान वर करून कुणी बघत नसे. आणि तो बुंधा माझ्या कुशीला टोचत राही. त्याच्या जागेवर मी उभी होते, पण त्याचं काम काय होतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

ते कळलं पुढच्या थंडीत. एक दिवस घिवलीची कोळी माणसं टेम्पो करून आली. अष्टमीचा दिवस होता. महिन्यातून दोनदा समुद्राची ओढ मंदावते, त्याला ती माणसं भांग म्हणतात. त्यांची जाळी पाण्याच्या ओढीवर चालतात. ओढ नाही, तर काम नाही. म्हणून त्यांची सहल निघते ती रविवार बघून नव्हे, भांग बघून.

सगळे पोह्यांकडे वळले. एक म्हातारा मात्र कुठेही न बघता तडक डोंगर चढू लागला. पुंडलिक तांडेल त्याचं नाव. तांडेल म्हणजे होडीचं सुकाणू धरणारा. मागून त्याची बायको मंजुळा काखेत डबा घेऊन धापा टाकत होती.

"अवो, पोहे थंड व्हतील! डोंगर काय पलून जातो काय?"

"पलूनच गेला असंल तर?" म्हातारा म्हणाला आणि चढत राहिला.

वर पोचल्यावर मंजुळा जिवल्याजवळ बसली आणि बोलायला लागली. गावच्या समुद्रात खडक फार. त्यांच्या मधून एकच वाट. देवळाचा कळस आणि त्याच्या बरोबर मागे डोंगरावरचा हा ताड, दोन्ही एका रेषेत आले, की वाट सापडली. पुंडलिकने चाळीस वर्षं अशीच होडी आणली. पण नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या आणि त्याला ताड दिसेना. होडी खडकाला घासली. मुलगा एकनाथ म्हणाला, डोंगर हिरवागार दिसतो आहे, झाडं आहेत तशीच आहेत, बाबा, तुझे डोळे गेले. त्याने सुकाणू काढून घेतलं. तेव्हापासून म्हातारा किनाऱ्यावर जाळी शिवत होता, आणि एकनाथ ताडाची खूण कधी नीट शिकलाच नव्हता, म्हणून लांबचा वळसा घालून येत होता.

"ताड गेला का डोले गेले, येवडाच बगाला आलाय त्यो," मंजुळा म्हणाली.

जिवल्या बुंध्याकडे बघू लागला.

तेवढ्यात पुंडलिक माझ्याभोवती फिरून त्या बुंध्यापाशी थांबला. वाकून त्याने बुंध्यावर हात ठेवला. आता हा मला दगड मारणार, असं मला वाटलं. जिवल्या दोन पावलं मागे सरला.

"मीनं तोडला," तो म्हणाला. "शेटनं सांगितला म्हनून."

आणि म्हातारा हसायला लागला. "मंजुले! डोले हायत! माजे डोले जाग्यावर हायत! ताडच गेला!" त्याने जिवल्याला कडकडून मिठी मारली. ताड तोडणाऱ्याचे एवढे लाड कुणी केले नसतील. मंजुळा पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

मग त्याने मान वळवली. पश्चिमेला दूरवर समुद्र चकाकत होता. "डोले हायत," तो हळूच म्हणाला, "पन खून कुटं हाय?"

खूण मी खाल्ली होती.

मंजुळा उठली. माझ्याभोवती एक फेरी मारली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बाजारात मासा बघावा तशी. "हिला पांडरी करा."

तोवर आत्मारामशेठ धापा टाकत वर आले. "इथे यायला मनाई आहे. आणि हा वास कसला?"

"बोंबील हाय, सुका. घ्या ना येक."

शेठ नाक धरून मागे झाले. पांढऱ्या टाकीचं ऐकून तर उखडलेच. "छे छे! आलेल्या माणसाला पहिली टाकीच दिसेल!"

"तुमचे पावने उगवतीला, आमी मावलतीला," मंजुळा म्हणाली. "पोट तुमी ठेवा, पाठ आमाला द्या. चुना आमचा, हात आमचे, शिडी तेवडी तुमची."

"पण ते दिसेल कसं? अर्धी अशी, अर्धी तशी!"

"शेट, पाठ कोनाला दिसते? तुमच्या सदऱ्याला मागं येवडा मोटा भोक हाय. तुमाला दिसला काय?"

शेठांचा हात पाठीकडे गेला. बोट भोकातून आत गेलं. जिवल्या इतका हसला, की शेठांनाही हसावं लागलं. शिडी मिळाली.

चार दिवसांनी बापलेक शिंपल्यांचा चुना घेऊन आले. एकनाथ तोंड पाडून शिडी धरून उभा होता आणि म्हातारा वर चढून माझी पाठ रंगवत होता. जाताना एकनाथ एवढंच म्हणाला, "बगू, दिसते काय."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. भरायची, रिकामी व्हायची, पण लक्ष सगळं पाठीकडे. मी दिसते का? कुणाला सापडते का? मग एका संध्याकाळी जिवल्या बोईसरच्या बाजारातून हातात मोठी सुरमई नाचवत आला. मासे विकायला बसलेल्या मंजुळेने निरोप दिला होता: "टाकी कलसावर बसली. सुकानू म्हाताऱ्याच्या हातात हाय."

पुढे आठ वर्षं ते त्याच्याच हातात होतं. मग एक दिवस त्याने ते आपणहून एकनाथला दिलं, खुणेसकट. कुणी काढून घेतलं नाही.

आता सत्त्याण्णव साल आहे. पुंडलिक नाही. शेठ थकले. खाली काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या आहेत, माझ्या पोटात वाळकी पानं साचली आहेत आणि एक सरडा राहतो. पोटाचा हिरवा रंग जागोजागी सोलून निघाला आहे, तो परत द्यायला कुणी येत नाही. पाठ मात्र दर वर्षी दसऱ्यानंतरच्या भांगाला एकनाथ येऊन रंगवून जातो. गेल्या महिन्यात दोन माणसांनी फीत लावून मला मोजलं. मला पाडून इथे पाहुण्यांसाठी उंच मचाण करायचं म्हणत होते. दोघेही पुढेच उभे होते. मागे कुणी आलंच नाही.

मित्रांनो, मी कोरडी पडले, याचं मला दुःख नाही. पण तुम्ही सहलीला आलात, तर जुन्या वस्तूला पुढूनच बघून जाऊ नका. काही तोडायचं, पाडायचं झालं, तर आधी तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहा, आणि तिकडून कोण बघतंय, ते विचारा. नाहीतर एका सकाळी एकनाथ कळसामागे मला शोधत राहील, मी नसेन, आणि चांगले डोळे असलेल्या त्या माणसाच्या हातातून त्याची पोरं सुकाणू काढून घेतील.