पिनेला बांधलेली दोरी

नागम्माचा रेडिओवर राग होता, तो गाण्यांसाठी नव्हे. त्याच्यापायी दिवसातून कितीदा उठावं लागे, त्याचा राग.

नवरा वीरभद्रप्पा अर्धांगवायूनं खाटेला खिळलेले. डावा हात तेवढा चाले. धारवाड केंद्रावर कन्नड लागलं की चेहरा उजळायचा. रेडिओ बंद पडला की भिंतीकडे तोंड करून पडायचे, अन्नाला शिवायचे नाहीत. सेल पुरेनात म्हणून एलिमिनेटर आणला. घरातल्या विजेचा जोर उतरवून रेडिओला सेलइतकीच वीज देणारी ती डबी दोनदा जळली.

दुसऱ्यांदा दुरुस्त करून देताना रेवणप्पा मेकॅनिकनं हात टेकले. "आक्का, लाइट गेली की पिन काडायची. परत येती तवा उसळून येती, त्यातच ही मरती. बल्ब जरा ठरू द्यायचा, मगच पिन लावायची. आता जळली तर माज्याच्यानं व्हायचं न्हाय."

आणि सोलापुरात त्या उन्हाळ्यात लाइटीला जाण्यायेण्याशिवाय दुसरा उद्योगच नव्हता. नागम्मा खानावळींना कडक भाकऱ्या करून द्यायची. लाइट गेली की पिठाच्या हातानं ऊठ, पिन काढ. आली की परत ऊठ, बल्बाकडे बघत उभी राहा, पिन लाव. तोवर तव्यावरची भाकरी करपायची, आणि खाटेवरून हाक यायचीच, "लाव की गं आता." शेवटी वैतागून तिनं पिनेला सुताची दोरी बांधली आणि दुसरं टोक त्यांच्या डाव्या हातात दिलं.

"लाइट गेली की वडा. लावायचं मी बगते, काडायचं तुमी बगा."

चार दिवसांत कंटाळतील असं तिला वाटलं होतं. पण ते दोरी सोडेनात. ती घास भरवायची तेव्हाही दोरी बोटांना गुंडाळलेली असे.

त्या दुपारी धारवाडहून नाटक होतं. वीरभद्रप्पा सकाळपासून त्याचंच बोलत होते. नाटक सुरू झालं आणि पिठाच्या डब्याला टेकलेल्या नागम्माचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा बल्ब जळत होता आणि रेडिओ गप्प. जळली, तिसऱ्यांदा जळली, आता हा माणूस जेवायचा नाही. धडपडत जाऊन तिनं डबीला हात लावला. डबी गार होती. पिन खाली लोंबत होती, आणि दोरी वीरभद्रप्पांच्या मुठीत.

"लाइट कवा आली?"

"झाला की लई वेळ."

"मग हाक मारायची न्हाय व्हय? नाटक गेलं की तुमचं."

"तू झोपली हुतीस," ते म्हणाले.

तिला भांडायचं होतं, पण डोळेच भरून आले. ती पिन लावायला वाकली, तर दोरीला हळूच हिसका बसला.

"ऱ्हाऊ दे. नीज जरा."

पिठाचे हात तसेच ठेवून नागम्मा भरदुपारी आडवी झाली.