नागाव पक्कं

ग्रुपचं नाव ‘नागाव पक्कं’ मीच ठेवलं होतं. तीन वर्षं आमच्या ट्रिपा कर्जतला कॉलेजच्या कँटीनमध्ये ठरायच्या आणि चहाबरोबर संपायच्या. हे शेवटचं वर्ष, म्हणून म्हटलं, यंदा नावातच गाठ मारून ठेवू. होळी झाली की येणाऱ्या रविवारी सगळ्यांनी समुद्रावर जायचं.

ठरवाठरवी माझ्याकडे आली, कारण माझी मावशी नागावला दिलेली. दुपारचं जेवण तिच्या वाडीत, हे मी परस्पर कबूल करून टाकलं. गाडीचं ओजसकडे. ओजस कर्जतच्या जुन्या वकिलांचा मुलगा. त्याला हुकूम सोडायची सवय आहे आणि बाकीच्यांना माना डोलवायची. मी त्याला कधी जुमानलं नाही, आणि ते त्याला कधी आवडलं नाही.

आणि सानवी. पहिल्या वर्षी मी वर्गात ‘वही नाय आणली’ म्हटलं आणि मागची पोरं फिदीफिदी हसली, तेव्हा ही शिक्षकांची मुलगी पुढच्या बाकावरून उठून माझ्याशेजारी येऊन बसली. ती तीन वर्षं तिथेच बसली. वाल्मिकदादाच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या हळदीला ती लोधिवलीला आमच्या घरी राहिली, आमच्या बायकांत नाचली, मावशीने तिचं तोंड पिवळंधमक करून टाकलं. मला पोहता येत नाही. पाण्यात हात सोडायची नाही, असं तिने मला कबूल केलं होतं. मला समुद्रापेक्षा त्याचंच जास्त अप्रूप होतं.

माझं घोडं अडलं ते आबांपाशी, माझ्या वडिलांपाशी. ‘पोरापोरींची ट्रिप? वाल्मिक संगं असंल तर जा. नायतर नाय.’

वाल्मिकदादा म्हणजे माळकरी, बसमध्ये बसतानाही नमस्कार करणारा माणूस. मी ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. ओजसने लगेच टाकलं, ‘मग टाळ कोण आणतंय?’ सगळे हसले. सानवीही हसली, पण मला वेगळा मेसेज केला, ‘काहीतरी कर ना गं. तू नसशील तर मी पण नाही.’

केलं. आठवडाभर आबांशी अबोला धरला. आईला मध्ये घातलं. आबा मोहोपाड्याच्या कंपनीतून पाळी करून येत, मुकाट्याने जेवत आणि माझ्याकडे बघत राहत. मला वाईट वाटत होतं, पण मी हटले नाही. शेवटी गुरुवारी संध्याकाळी ते ओटीवर बसून बूट काढता काढता म्हणाले, ‘वाल्मिक नको. तू जा. माझा इस्वास हाय तुज्यावर.’

मी धावत जाऊन मोबाइल उचलला, तर ओजसचा मेसेज आधीच येऊन पडलेला. गाडी मिळत नाही, ट्रिप कॅन्सल. खाली सानवीचा रडका चेहरा.

मी तिला फोन केला. ती गप्प गप्प होती. मला वाटलं, बिचारीचा हिरमोड झाला. तासभर मी तिची समजूत घातली; परीक्षेनंतर आपण दोघीच जाऊ, मावशीकडे राहू, असं किती काय काय. ती नुसतं ‘हं’ म्हणत होती. आबांना सांगितलं तर त्यांचं तोंड माझ्याहून उतरलं. ‘माज्यामुळं उशीर झाला का गं?’

‘नाही हो आबा. गाडीच मिळाली नाही.’

रविवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते. आबा ओटीवर आडवे झाले होते. मावशीचा फोन आला. हात पिठाळ म्हणून मी स्पीकर लावला.

‘काय गं बाय, मैतरणींना धाडलंस नि तू कुटं रायलीस?’

मला काही कळेना.

मावशी रेवदंड्याच्या बाजारात गेली होती. तिथे तिला सानवी दिसली. हळद लावलेलं तोंड मावशी विसरत नाही. आपल्या ऋतिकाच्या मैत्रिणी आणि बाहेर जेवणार? तिने सगळ्यांना गाडीसकट वाडीत आणलं होतं. मागे ओजसचा आवाज येत होता. कुणीतरी आणखी सोलकढी मागत होतं. मावशी कौतुकाने म्हणाली, ‘मंगाधरनं इचारतेय तर कोन बोलंच ना तू का नाय आलीस त्ये. ही घे, सानवीशी बोल.’

म्हणजे नागाव सोडून रेवदंडा माझ्या मावशीला चुकवण्यासाठी. गाडी सकाळी आमच्या गावावरूनच गेली असणार, मी दारात भांडी घासत असताना. नाहीतर मला दिसू नये म्हणून खोपोलीवरून वळसा घातला असेल. यातलं जास्त काय लागतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

‘ऋतू,’ सानवी म्हणाली.

मी वाट पाहिली. खरंच पाहिली. तिने एक शब्द बोलायचा होता, मी तेवढ्यावर सगळं सोडून दिलं असतं. पण तिच्या शेजारी मावशी उभी होती, आणि मला वाटलं, आता हिला कळलं तर वाढलेल्या ताटांवरून ही त्यांना उठवेल. मी मोठ्याने म्हटलं, ‘मावशीला सांग, मला ताप आलाय. म्हणून नाही आले मी. त्यांना पोटभर जेवू घाल म्हणावं.’

सानवीने ते सांगितलं. मावशी लांबून हळहळली. मग सानवीने मोबाइल तोंडाजवळ धरला असावा, कारण तिचा श्वास मला ऐकू आला. अगदी हळू म्हणाली,

‘थँक्यू.’

आणि फोन ठेवला.

सुपातले तांदूळ मला दिसेनासे झाले. थँक्यू! तीन वर्षांत आम्ही एकमेकींना हा शब्द कधी वापरला नव्हता. तो दुकानदाराला म्हणायचा, रिक्षावाल्याला म्हणायचा.

आबा कधी उठून आत आले, कळलं नाही. त्यांनी फक्त माझं शेवटचं बोलणं ऐकलं असावं. हातात पाण्याचा तांब्या आणि तापाची गोळी होती. खाली बसले, कंपनीतल्या कामाने खरखरीत झालेला तळवा माझ्या कपाळावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

‘अंग तर थंड हाय गं तुजं,’ आबा म्हणाले. ‘मग रडतेस कशापायी?’