शिळं चित्र

मी स्क्रीन बोलतेय. टीव्ही म्हणू नका, राग येतो. टीव्हीपुढे माणूस नुसता बघत बसतो. माझ्यापुढे बसणारी बघते आणि त्याच क्षणी बोट दाबते. सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा मी चित्र नव्याने काढते. काढून दाखवा कुणीतरी.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. आठवतं ते या घरातलं टेबल. मला दोघा भावंडांनी मिळून आणलं. दादा समारंभांचे व्हिडिओ जोडतो. धाकटीला सगळे भिंगरी म्हणतात. ती संघातून नेमबाजीचा गेम खेळते, आणि हात असा चपळ की मलाच धाप लागते. त्यांची आई शिवणकाम करायची. हात थरथरायला लागले आणि मशीन बंद पडलं. आता सुईत दोरा भिंगरी ओवून देते.

खेळताना माझं चित्र फाटायचं, हे कबूल. पण दोष माझा एकटीचा नव्हता. मला चित्रं पुरवणारं, संगणकातलं ग्राफिक्स कार्ड भारी उतावीळ. माझं एक चित्र अर्धं काढून होतंय तोच दुसरं हातात कोंबायचं. मग दरवाजाचा वरचा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे.

"कसं बघवतं गं तुला हे?" दादा म्हणायचा.

"मला बघायचं नसतं रे, मारायचं असतं."

एका शुक्रवारी ती घरात नसताना त्याने सेटिंगमध्ये एक टिक केली. माझं चित्र पुरं होईपर्यंत कार्डाने थांबायचं. चित्र रेशमासारखं झालं खरं, पण थांबलेलं चित्र म्हणजे शिळं चित्र. पापणी लवायच्याही आतलं शिळेपण. भिंगरीचा सगळा खेळ तेवढ्यातच असतो.

शनिवारी सकाळी संघाच्या निवडीचा सामना. ती बसली आणि म्हणाली, "दादा, स्क्रीन पुसलीस वाटतं? काय स्वच्छ दिसतेय." तो फोनवर होता. "हं," म्हणाला. झालं.

समोरचा कोपऱ्यातून निघायचा, ही बोट दाबायची, तोवर तो पसार. हेडफोनमधून कप्तानबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "भिंगरे, हात झोपलेत का तुझे?" संध्याकाळपर्यंत तिच्या जागी दुसरी आली.

तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. ती हातांकडे बघत राहिली.

"दादा, आईचे हात कधीपासून थरथरायला लागले?"

"का गं?"

"सहज."

तेव्हापासून ती माझ्यापुढे बसलेली नाही. स्वयंपाकघरात पेला काठोकाठ भरते, हात लांब करून धरते आणि पाण्याकडे बघत राहते.

आज दादाला आपणच केलेली ती टिक पुन्हा दिसली, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, चित्र उशिरा दिसू शकतं. चेहरा उतरला त्याचा. तासभर वाचत बसला, टिक काढली, मला कार्डाच्या पावलाने चालू दिलं, म्हणजे ते चित्र देईल तेव्हाच मी काढायचं, आणि कार्डाने माझ्यापुढे धावू नये म्हणून त्याला माझ्या वेगाच्या जरा अलीकडे लगाम घातला. आता चित्र फाटत नाही आणि शिळंही होत नाही. हे आधीही जमलं असतं. वाचायला कुणी बंदी केली नव्हती.

पण तो अजून खुर्चीतच आहे. लाज वाटते म्हणे. स्वयंपाकघराचं दार उघडं आहे, पेला तिच्या हातात आहे. पाणी तसूभर हलत नाहीये, मी इथून बघतेय. तिला मात्र ते हललेलं दिसतं.

अरे, ऊठ. मला तोंड नाही, तुला आहे. मी चित्र उशिरा दाखवलं, तो माझा गुन्हा नव्हता. आता उशीर झाला तर तो तुझा.