परका बाण

शिवणवालीकडे बहुतेक बायका मागच्या दारानं यायच्या. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांसाठी ती आतले कपडे शिवायची. एका बाजूला खिसा, त्यात मऊ भरणी. लांबच्या बायका तिच्या वेबसाइटवरून ऑर्डर द्यायच्या आणि व्रण कुठवर आहे ते कळावं म्हणून फोटो पाठवायच्या. चेहऱ्याशिवाय. तरी ते फोटो ती नवऱ्यासमोरसुद्धा उघडत नसे.

ज्या कंपनीच्या सर्व्हरवर साइट होती तो सारखा बंद पडायचा, म्हणून ती दुसरीकडे हलवायचं ठरलं. धाकट्या दिरानं आपला मित्र पुढे केला. त्याला सगळे गुरू म्हणत.

"वहिनी, घरचाच माणूस समजा."

गुरूनं फोनवरून एक प्रोग्राम टाकायला लावला, पडद्यावरचा नंबर विचारून घेतला, आणि तिच्या कॉम्प्युटरवरचा बाण आपोआप फिरू लागला.

"तुम्ही चहाबिहा घ्या, ताई. मला वेळ लागेल."

ती कापड बेतायला आत गेली. टेप विसरली म्हणून परत आली, तर बाण साइटच्या फाइलींत नव्हताच. गिऱ्हाइकांच्या फोटोंत होता. एकेक उघडत होता, मोठा करत होता, पुढे जाऊन पुन्हा मागे येत होता. दुसऱ्याच्या ताटातलं बोटानं चिवडून बघावं तसा. एका फोटोवर तो थांबला. तो भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईंचा होता. फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, 'माफ करा, बघवणार नाही.'

बाणानं तो फोटो ओढून पाठवायच्या चौकटीत टाकला. तिनं भिंतीतली वायरच उपटली, पण तोवर तो गेला होता.

फोन वाजला. "ताई, कनेक्शन तुटलं वाटतं."

"तुटलं नाही, तोडलं. फोटोंत काय करत होतास?"

"अहो, बॅकअप..."

"मोठे करकरून?"

तो हसला. "त्यात बघण्यासारखं आहे तरी काय?"

अंगावर पाल पडावी तशी ती शहारली. फोन ठेवून तिनं माउस साबणाच्या फडक्यानं पुसला. मग हात धुतले, पुन्हा धुतले.

संध्याकाळी दीर आला. समोरची बिस्किटं खातखात म्हणाला, "वहिनी, उगाच राईचा पर्वत करू नका. चुकून उघडलं गेलं असेल. आणि चेहरे तर नाहीतच ना कुठे!"

"चेहरे नाहीत, हे तुला कोणी सांगितलं?"

त्याचं चघळणं थांबलं. ओठांवर ओला चुरा तसाच राहिला.

"फोन काढ."

गुरूनं पाठवलेले दोन फोटो होते. खाली दिरानं पाठवलेली हसरी तोंडं.

ती आत गेली. परतली ती थेट नवऱ्याला घेऊनच. दिराला त्याच्या फोनसकट त्यांनी पोलीस चौकीवर नेलं. मग तिनं त्या दोन्ही बायकांना स्वतः फोन केला.

"मला रडू येत नाहीये हो," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "किळस येतेय."

"मलाही."

"मग तक्रारीत माझं नाव घाला. लाजायचं त्यांनी."

साइट शेवटी दुसऱ्याच एका तंत्रज्ञ बाईंनी हलवली. त्या सुरुवातीलाच म्हणाल्या, "तुमचा कॉम्प्युटर मला नकोच. तो जुना प्रोग्राम आधी काढून टाका, पासवर्ड बदला. साइटवर आलेले फोटो उतरवून घ्या. ते मला दिसताच कामा नयेत. मग फक्त साइटच्या फोल्डरपुरतं वेगळं खातं उघडून द्या. काम झालं की ते तुम्हीच बंद करायचं." तसंच झालं. खातं बंद झाल्याचं तिनं दोनदा तपासून बघितलं.

गुरूचा कॉम्प्युटर पोलिसांनी उचलून नेला. महिन्याभरानं दीर मागच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, चुकलो. पाया पडतो."

तो वाकला तशी ती मागे सरली. "लांबूनच," ती म्हणाली. "हात लावू नकोस."