पायडलवरचा पाय

डॉक्टरांनी दिलेले बूट दारामागे नव्यासारखे पडून होते. मऊ तळाचे, पुढून रुंद, पट्ट्यांचे. बाहेर जाताना अण्णा ते निमूट घालायचे आणि घरात आल्या आल्या काढून टाकायचे. पण ते बाहेर जाणार कितीसे? माझे वडील शिंपी, पुढची खोली हेच त्यांचं दुकान. दिवसभर अनवाणी, टाचण्या सांडलेल्या फरशीवर.

साखरेने त्यांच्या डाव्या पायाची करंगळी आधीच नेली होती. जखम झालेली त्यांना कळलीच नव्हती, मोज्यावरचं रक्त मला दिसलं होतं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. झाडलेली फरशी पुन्हा झाडते, संध्याकाळी त्यांचे तळवे उजेडात धरून बघते आणि सकाळी परत तोच घोर. "पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही," असं डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले होते, जसा काही पाय माझाच!

"अण्णा, बूट."

"घालतो गं. एवढा खांदा जोडू दे."

खांदा झाला की कॉलर, कॉलर झाली की काज.

"घोडं अडलंय कुठे? चावतात का ते?"

"चावत नाहीत. त्यात पायडल कळत नाही. शिंप्याचं अर्धं कसब तळव्यात असतं, ठिणगे."

लहानपणापासून ते मला ठिणगीच म्हणतात. मी आहेच तशी.

त्या दुपारी मशीन चालू असताना मी खाली पडलेली चिंधी उचलायला वाकले. त्यांचा उजवा पाय पायडलवर खालीवर होत होता आणि टाच उचलली गेली तशी तळव्यात काहीतरी निळं दिसलं. टाचणीचं डोकं. टाचणी पार आत गेलेली.

"पाय वर घ्या जरा," मी कसंबसं म्हणाले.

"झाली हिची तपासणी सुरू!" त्यांनी वैतागून पाय माझ्या मांडीवर ठेवला, पण तोंडाचा पट्टा थांबला नाही. "तुला वाटतं मला काही कळत नाही. अगं, पायडलची जाळी न् जाळी कळते मला. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं..."

मी टाचणी ओढून काढली. ते बोलतच होते.

"झालं का बघून?"

मी टाचणी त्यांच्यासमोर कापडावर ठेवली. पांढऱ्या कापडावर लाल ठिपका उमटला.

"कधी गेली ही?"

"मला काय विचारता? पाय तुमचा आहे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, खूप बोलायचं होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि पाणी आणायला उठले. जखम धुतली, पट्टी बांधली, दवाखान्यात जायला गाडी बोलावली.

"बूट आण," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, निघायची तयारी. त्यांनी बूट चढवले आणि खुर्ची मशीनकडे ओढली. मी अडवायच्या आत अर्धा राहिलेला खांदा सुईखाली सरकवला. मशीन धावलं. टीप सरळ आली, एक टाका इकडचा तिकडे झाला नाही.

"बघ, काही फरकच पडला नाही."

"मग चांगलंच झालं की!"

"चांगलं कसलं? अनवाणी होतो तोवर म्हणता येत होतं की पाय अजून आपला आहे." त्यांचा आवाज चिरकला. "तो कधीच गेलाय गं."

मला रडू आलं. काहीतरी करायला हवं म्हणून मी खाली बसले आणि त्यांच्या बुटाचा सुटलेला पट्टा ओढून लावला.

"घट्ट होतोय का?" मी विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

"तूच बघ," अण्णा म्हणाले.